लहान लोहारशाळेची आखणी
(इयत्ता सहावी व सातवी : मापन, प्रमाणबद्ध नकाशा व कार्यानुभव)

गावातील लोहाराची जागा बहुधा आखलेली नसते, ती घडत जाते. लिंबाच्या सावलीत भट्टी मांडली, शेजारी ऐरण पुरली, पुढे पावसासाठी वर चार पत्रे टाकले, की लोहारशाळा झाली. ही मांडणी अडाणीपणाची आहे असे मात्र कोणी समजू नये. बसून काम करणारा लोहार भट्टी, ऐरण व पाण्याची डोण हाताच्या पल्ल्यात ठेवतो आणि समोर उभ्या असलेल्या घणकऱ्यास मोकळी जागा देतो. त्यामागे पिढ्यानुपिढ्यांचा हिशेब आहे. अडचण येते ती हाती थोडे भांडवल येऊन पक्की शेड बांधण्याची वेळ आली म्हणजे. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे, त्यामुळे असा विचार करणारे कारागीर आता गावोगावी भेटतात. परंतु भट्टी, दार व खिडकी यांच्या जागा पुष्कळदा गवंडीच ठरवितो. त्याला घर माहीत असते, घणाचा घेर माहीत नसतो. चुकीच्या जागी बसविलेले दार मग वर्षानुवर्षे घणकऱ्याच्या पाठीशी उघडत राहते. नकाशा काढून देण्याची विनंती खेड्यात शेवटी शिक्षकाकडेच येते. म्हणून या पाठाचा उपयोग वर्गाबाहेरही आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. मूलोद्योग शिक्षणाचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेपासून ज्यांच्या कानांवर आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. भेटीला जाताना एक गोष्ट विसरू नये. लोहाराचा अर्धा दिवस मोडतो, त्याचा मोबदला आधी ठरवून द्यावा. मुलांनी सुती कपडे घालावेत, तीन मीटर दूर उभे राहावे व खाली पडलेल्या कोणत्याही लोखंडास हात लावू नये. काळे पडलेले लोखंड गार झालेले असतेच असे नाही.

भेटीत निरीक्षण एकाच गोष्टीचे करावे : लोहाराची पावले. फाळ शेवटताना किती ताव द्यावे लागले आणि प्रत्येक तावाला लोहार भट्टीपासून ऐरणीपर्यंत किती पावले चालला, हे मुलांनी मोजावे. विळ्यासारखे पातळ लोखंड भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांतच घडविण्याजोगे राहत नाही. वाटेत गेलेल्या दोन पावलांमुळे चार घाव कमी बसतात, ताव वाढतो, कोळसा वाढतो. भट्टी व ऐरण यांतील अंतर किती असावे, याचे उत्तर येथेच मिळते : मागे वळून एक पाऊल.

आता आखणी. उभ्याने काम करणारा एक लोहार व एक घणकरी यांस ४.५ मीटर लांब व ३.६ मीटर रुंद जागा पुरते. एका मीटरला ४ सेंटिमीटर हे प्रमाण घेतल्यास नकाशा १८ × १४.४ सेंटिमीटरचा होतो व वहीच्या पानात बसतो. पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत. भट्टी ७५ सेंटिमीटर चौरस, म्हणजे ३ सेंटिमीटरचा चौरस. शेगड्याचे बाक १५० × ५०, म्हणजे ६ × २ सेंटिमीटर. डोण २ × १ सेंटिमीटर. घणकऱ्यासाठी वर्तुळच कापावे. हाताची लांबी सुमारे ७० व घणाचा दांडा ८० सेंटिमीटर धरल्यास त्रिज्या दीड मीटर, म्हणजे कागदावर ६ सेंटिमीटर येते.

भट्टी पश्चिमेच्या आखूड भिंतीस लावावी. तिच्या कडेपासून १.२ मीटरवर ऐरणीचा मध्य, व त्यापुढे ९० सेंटिमीटरवर घणकरी. मुले साहजिकच सर्व काही खोलीच्या मधोमध मांडतील. मांडू द्यावे. मग उत्तरेच्या भिंतीशी बाक ठेवताच ते घणाच्या वर्तुळात २० सेंटिमीटर शिरलेले दिसेल. चूक शिक्षकाने सांगू नये, पुठ्ठाच ती सांगतो. भट्टी, ऐरण व घणकरी यांची रेषा ३० सेंटिमीटर दक्षिणेस सरकविली की वर्तुळ दक्षिण भिंतीस टेकते आणि उत्तरेस बाकासाठी ६० सेंटिमीटर उरतात. तरीही बाकापुढे उभा राहणारा माणूस वर्तुळातच येतो. दोघांच्याच लोहारशाळेत हे चालते, कारण घण चालू असता बाकावर काम नसते. परंतु गिऱ्हाइकाने तेथे उभे राहता कामा नये. म्हणून दार पूर्वेच्या भिंतीत, पण उत्तरेच्या टोकाला ठेवावे, व बसण्यासाठी कट्टा बाहेर बांधावा.

उजेडाचा प्रश्न मुलांना सर्वांत अधिक आवडतो. खोली जितकी उजळ तितकी चांगली, हा शाळेचा नियम येथे लागू पडत नाही. लोहार लोखंडाचा ताव रंगावरून ओळखतो : गर्द लाल सुमारे ७०० अंश सेल्सिअस, नारिंगी ९०० च्या पुढे, पिवळा १,०५० च्या आसपास. उन्हात हे रंग फिके दिसतात आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापून बिघडते. म्हणून भट्टी व ऐरण यांवर अंधूक सावली असावी. पूर्वेकडील छप्पर खाली उतरते ठेवल्यास सकाळचे ऊन अडते. बाकावर मात्र उत्तरेची खिडकी हवीच, कारण कानस व आखणी यांना स्थिर उजेड लागतो. (वर्गात लोहाराचा मुलगा किंवा मुलगी असल्यास रंगांचा हा भाग त्यांच्याकडून सांगवून घ्यावा. गणितात मागे पडणारे मूल येथे पुष्कळदा वर्गाच्या पुढे असते.)

जमीन भट्टीजवळ चोपलेल्या मुरुमाची असावी. तापलेले लोखंड पडल्यास सिमेंटचा कोबा तडकून कपच्या उडतात. ऐरणीचा बाभळीचा ठोकळा जमिनीत खोल पुरावा. लोहाराने हात सरळ खाली सोडून मूठ वळली असता बोटांचे पेर जेथे येतात, ती ऐरणीच्या माथ्याची उंची. शेगडा कोपराच्या उंचीला असावा. लांब पहार आडवी तापविता यावी म्हणून भट्टीच्या रेषेत उत्तर किंवा दक्षिण भिंतीत झरोका ठेवावा. धुराडे हवेच. कोळशाच्या विषारी वायूस वास नसतो, म्हणून थंडीतही दारे लावून भट्टी पेटवू नये. जस्त चढविलेला पत्रा वा नळ भट्टीत घालू नये, त्याच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो. जागा निवडताना शेजारच्या कडब्याच्या गंज्या पाहाव्यात, आणि गंज्या रचलेल्या असतात त्या महिन्यांतील वाऱ्याची दिशा विचारून घ्यावी. पावसाळ्यातील वारा विचारून उपयोग नाही. लोणारी कोळशाच्या ठिणग्या दूर उडतात.

नकाशा पुरा झाल्यावर तो शाळेच्या पटांगणात फक्कीने पूर्ण मापात आखावा. एका मुलाने लोहार व्हावे, दुसऱ्याने काठी घेऊन घणकरी व्हावे, तिसऱ्याने दारातून आत यावे. शक्य झाल्यास गावच्या लोहारास बोलवावे व त्याने खडूने केलेली प्रत्येक दुरुस्ती नकाशावर नोंदवावी.

शेडपुढील अंगण मोकळे ठेवण्याचे कारण म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव. रबरी चाकांमुळे हे काम आता थोडे उरले आहे, पण सातवीच्या गणितास ते फार उपयोगी आहे. १.४ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर ४.४ मीटर. लोखंड एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. धाव गोवऱ्यांच्या जाळात ५०० अंशांनी तापविली तर ती ४.४ × ०.००६ मीटर, म्हणजे सुमारे २.६ सेंटिमीटर लांब होते. तेव्हा थंड धाव चाकाच्या घेराहून जास्तीत जास्त किती आखूड ठेवता येईल, हे मुलांनी स्वतः सांगावे आणि मग लोहारास त्याचे माप विचारावे.