रोहिणीच्या भिंतीतील सूक्ष्म वाहिन्या आणि हृदयविकार

नळाला गंज चढून पाणी अडावे, तसे रोहिणीत मेद साचून रक्त अडते, असे हृदयविकाराविषयी नेहमी सांगितले जाते. ही उपमा सोपी असली, तरी अपुरी आहे. रोहिणी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिची भिंत सजीव पेशींची बनलेली असते आणि त्या पेशींनाही प्राणवायू व पोषण लागते.

भिंतीचे पोषण

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आतील भागाला वाहत्या रक्तातून झिरपणारे पोषण पुरते. परंतु भिंत सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून जाड असेल, तर हे पोषण बाहेरच्या भागापर्यंत पोचत नाही. म्हणून महारोहिणीसारख्या मोठ्या रोहिणींच्या व हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींच्या भिंतीत अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. वैद्यकशास्त्रात त्यांना ‘व्हासा व्हासोरम’, म्हणजेच ‘वाहिन्यांच्या वाहिन्या’ म्हणतात.

विकाराशी संबंध

भिंतीत मेद साचून दाह सुरू झाला, की भिंत जाड होते व तिच्या अंतर्भागाला प्राणवायू अपुरा पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी सूक्ष्म वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. मात्र हे फाटे नाजूक असतात. त्यांतून रक्त पाझरते. तांबड्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलची मेदाच्या साठ्यात भर पडते आणि दाह वाढतो. अशा साठ्यावरील पातळ आवरण फाटले, की तेथे रक्ताची गुठळी होऊन प्रवाह अचानक बंद पडू शकतो. त्यामुळे रोहिणी फारशी अरुंद झालेली नसतानाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

संशोधनाची वाटचाल

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे विंटरनिट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९३८ मध्ये या वाहिन्यांतील रक्तस्रावाकडे लक्ष वेधले. १९८४ मध्ये हार्वर्डचे क्लिफर्ड बार्जर व सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयातील रोहिणींत सिलिकॉन भरून विकारग्रस्त भागातील दाट जाळे दाखवून दिले. जर्मन शल्यविशारद ॲक्सेल हावेरिख यांनी २०१७ मध्ये याहून पुढचे मत मांडले: या सूक्ष्म वाहिन्या बंद पडणे हेच विकाराचे मूळ असावे. हे मत सर्वमान्य झालेले नाही. वाहिन्यांतील बदल विकाराचे कारण की परिणाम, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

घ्यावयाचा बोध

वाद मिटेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. तंबाखू व धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे रोहिणीच्या भिंतीला इजा होते, हे निश्चित आहे. आजवर काही त्रास झाला नाही, म्हणून भिंत निरोगी आहे, असे समजणे धोक्याचे ठरते. रक्तदाबाची व रक्तशर्करेची वेळोवेळी तपासणी करून घेणे, हाच शहाणपणा होय. छातीत दाटून आले, घाम फुटला, वेदना हातात किंवा जबड्यात पसरली, तर ते अपचन समजून वेळ दवडू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. ही माहिती शाळेत व ग्रामसभेत सांगितली गेली, तर एखाद्या कुटुंबाचा आधार वाचू शकेल.