मागे राहिलेल्यांचा शोक

आत्महत्येने एक आयुष्य संपते. परंतु त्याच वेळी इतर अनेकांच्या आयुष्यात एका निराळ्या शोकाला आरंभ होतो. भारतात २०२२ साली १,७०,९२४ व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने झाल्याची नोंद आहे. अशा प्रत्येक मृत्यूमागे निकटचे सहा जण तरी शोकग्रस्त होतात, असा अंदाज अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी केला होता. पुढे ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत, मृत व्यक्तीला ओळखणाऱ्या व त्या घटनेची झळ पोहोचणाऱ्या माणसांची संख्या सुमारे १३५ असल्याचे आढळून आले. या सर्वांचे दुःख सारखे नसते हे खरे. पण हे वर्तुळ घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

‘का?’ या प्रश्नाचे ओझे

आजाराने किंवा वार्धक्याने मृत्यू आला, तर भेटीस येणारे सांत्वन करतात. आत्महत्येनंतर मात्र ते प्रथम कारण विचारतात. पत्नीशी पटत नव्हते काय? कर्ज होते काय? घरातल्या कोणालाच कसे कळले नाही? प्रत्येक प्रश्नात एक आरोप दडलेला असतो आणि शोकग्रस्त माणूस तो स्वतःवर ओढून घेतो. शेवटचे बोलणे, न उचललेला फोन, झालेला वाद यांची उजळणी मनात अखंड चालू राहते. दुःखाच्या जोडीला अपराधीपणा, लज्जा आणि कधी कधी मृत व्यक्तीविषयीचा संतापही येतो. त्यांतील संताप तर बोलूनही दाखवता येत नाही.

या प्रश्नाला एकच उत्तर असते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील, म्हणजे ‘निम्हान्स’मधील, डॉ. जी. गुरुराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहरातील आत्महत्येच्या २६९ घटनांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृतांच्या निकटवर्तीयांशी सविस्तर बोलून, तितक्याच जिवंत व्यक्तींशी त्यांची तुलना करण्यात आली. पूर्वीचा प्रयत्न, कौटुंबिक कलह, मद्यासक्ती, मानसिक आजार, अकस्मात आलेली आर्थिक हलाखी, घरातील हिंसा, बेकारी असे अनेक घटक त्यांत आढळले. आणि ते एकमेकांत गुंतून परिणाम करतात, असे दिसून आले. सरकारी तक्त्यात मात्र प्रत्येक मृत्यूपुढे एकच कारण लिहिले जाते. शेजारीपाजारीही आपल्या परीने तसाच एक रकाना भरून टाकतात, आणि त्या रकान्यात बहुधा एखाद्या जिवंत माणसाचे नाव येते. हे ओझे उतरविणे हा साहाय्याचा पहिला हेतू होय.

कायदा, परंपरा आणि भाषा

शोकाच्या पहिल्याच प्रहरी कुटुंबाच्या दारी पोलीस येतात. पंचनामा, शवविच्छेदन व जबाब हे सोपस्कार कायद्याने आवश्यक असतात; विवाहास सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्त्रीचा असा मृत्यू झाल्यास चौकशी अधिक कठोर होते. बंगळूरसारख्या शहरात याला आणखी एक पदर असतो. नोकरी-शिक्षणासाठी तेथे आलेल्या तरुणाचे आईवडील रात्रभराचा प्रवास करून पोहोचतात, तेव्हा कागद कन्नडमध्ये असतात आणि ओळखीचे कोणी नसते. अशा वेळी भाषा जाणणारा एक माणूस सोबत बसला, कागद वाचून दाखविले आणि घरी नेण्याच्या वाहनाची व्यवस्था केली, तर तो आधार शब्दांपेक्षा मोलाचा ठरतो.

आत्महत्येच्या प्रयत्नाला १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने शिक्षा सांगितली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. तरीही गुन्ह्याची छाया समाजाच्या बोलण्यात टिकून आहे. धर्मशास्त्रातील निबंधकारांनी आत्मघाताने मेलेल्यांसाठी अशौच व उदकदान नाकारले आणि नंतर नारायणबलीची वाट दाखविली. आजही काही घरांत दिवसकार्य उरकते घेतले जाते, मृत व्यक्तीचे छायाचित्र काढून ठेवले जाते, मृत्यूचे कारण ‘हृदयविकार’ असे सांगितले जाते. शोक लपविला म्हणून ओसरत नाही. त्याला वाटेकरी मात्र मिळत नाहीत.

मित्र आणि मुले

नातलगांना निदान सुतक असते. मित्राला तेही नसते. एकाच खोलीत चार वर्षे राहिलेला सोबती, शेजारच्या टेबलावर काम करणारी सहकारी, ज्याच्याशी विवाह ठरावयाचा होता तो तरुण, यांच्या दुःखाला परंपरेने जागा नेमलेली नाही. पुष्कळदा घटना प्रथम त्यांनाच कळते, जबाबही त्यांचाच होतो. आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर असावेत अशी अपेक्षा असते. कचेरीने वा महाविद्यालयाने त्यांना रजा व बोलण्यास जागा द्यावी, आणि कुटुंबाने शक्य असल्यास त्यांना दिवसकार्यास बोलवावे.

मुलांपासून सत्य लपविण्याची प्रवृत्ती मायेतून येते; पण पुढे ते बाहेरच्या कोणाकडून कळले, तर घरच्यांवरील विश्वास डळमळतो. वयाला झेपेल अशा साध्या शब्दांत, तपशील टाळून, खरे तेच सांगावे. त्यात तुझा काही दोष नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कारण मूल तसे विचारीलच असे नाही.

आधार कसा द्यावा

साहाय्य करणाऱ्याने कारण विचारू नये, तर्क करू नये, ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय संपवू नये. मृत व्यक्तीचे नाव घेण्यास कचरू नये. ती कशी मेली यापेक्षा ती कशी जगली, हे ऐकावे. तेराव्या दिवसानंतर माणसे पांगतात आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. म्हणून दुसऱ्या महिन्यात, पहिल्या दिवाळीला, वर्षश्राद्धाला आवर्जून जावे. बँक, विमा, शाळेची फी यांपैकी एखादे काम पुरतेपणी अंगावर घ्यावे.

समदुःखी माणसांचा सहवासही उपकारक ठरतो. पतीच्या २०१७ मधील मृत्यूनंतर नंदिनी मुरली यांनी आपल्या अनुभवावर उघडपणे लिहिले आणि मदुराईत ‘स्पीक’ हा उपक्रम सुरू केला. ज्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही, अशा श्रोत्यापाशी मौनही सुसह्य होते.

मागे राहिलेल्यांच्या मनातही मरणाचे विचार येण्याचा धोका वाढलेला असतो. झोप व अन्न दीर्घकाळ तुटले, मद्य वाढले, ‘मलाही जायचे आहे’ असे शब्द आले, तर तज्ज्ञाकडे नेण्यास विलंब करू नये. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून ‘निम्हान्स’ ही तिची प्रमुख संस्था आहे. मागे राहिलेल्यांना सावरणे म्हणजेच पुढील पिढीतील असे मृत्यू टाळणे, हा श्नाइडमन यांच्या विचाराचा गाभा होता. त्या दृष्टीने पाहता, शोकग्रस्त घरी जाऊन काहीही न विचारता बसणारा शेजारीही प्रतिबंधाच्याच कार्यात सहभागी असतो.