वेगळे ताट आणि भरलेले ताट : क्षयरोग, लाळ व आपली भीती



जमाखर्चाच्या पानांबरोबर अहवालात एखादा आरोग्यशिक्षणपर लेख असावा, ही आपली जुनी प्रथा आहे. या वेळी ते काम माझ्याकडे आले. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. तथापि, प्रस्तुत विषयाचा आरंभ अशाच एका वहीतील नोंदीपासून होतो.

लाल पट्ट्याची भांडी

काही वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयाने क्षयरुग्णांसाठी स्टीलची स्वतंत्र ताटे, वाट्या व पेले खरेदी केले आणि ओळख पटावी म्हणून प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा मारून घेतला. व्हाउचरवर सही माझीच आहे. हेतू शुद्ध होता. रुग्णांचे नातेवाईक ही भांडी पाहत आणि घरी गेल्यावर तसेच करीत. आपण तोंडाने कितीही समजावले, तरी त्या लाल पट्ट्याने एकच धडा दिला : रुग्णाचे उष्टे म्हणजे रोग. हा धडा चुकीचा होता, हे मला एका कुटुंबामुळे उमगले.

वांगणीकडील एक कुटुंब

येथे वांगणी म्हणजे मध्य रेल्वेवरील स्थानक नव्हे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसर होय. १९९२-९३ च्या सुमारास तेथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते. त्या भागातील एका पाड्यावरून एक तरुण सून क्षयरोगाच्या उपचारासाठी आपल्याकडे आली. ओळख पटेल असा तपशील येथे वगळला आहे. रोगाचे निदान होताच घरच्यांनी तिचे ताट वेगळे केले, पाण्याचा लोटा वेगळा केला आणि पाच महिन्यांचे तान्हे मूल तिच्यापासून तोडले. आठवडाभर ते मूल पाणी घातलेल्या दुधावर होते. सासूबाईंनी परिचारिकेस विचारले, “सिस्टर, हिची लाळ पोराच्या तोंडाला लागली, तर त्यालाही होईल ना?” प्रश्नात दुष्टावा नव्हता, नातवाची काळजी होती.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे घरातील सर्वांना तपासणीस बोलावले. त्यात सासरे अनेक महिन्यांपासून खोकत असल्याचे समजले आणि त्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू आढळले. वडीलधारे म्हणून त्यांचे ताट कोणी वेगळे केले नव्हते, आणि खोकल्याची तपासणीही कोणी केली नव्हती. पावसाळाभर सारे कुटुंब दार लोटून एकाच खोलीत झोपत होते. भीती ताटावर पहारा देत राहिली आणि रोग हवेतून फिरत राहिला.

लाळ निराळी, बेडका निराळा

आपल्या बोलण्यात ‘थुंकी’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो. लाळ तोंडातील ग्रंथींत तयार होते. बेडका छातीच्या खोल भागातून खोकल्यावाटे वर येतो. फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू प्रामुख्याने बेडक्यात असतात. म्हणूनच तपासणीसाठी डबी देताना प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रुग्णास दीर्घ श्वास घेऊन जोराने खोकण्यास सांगतात. डबीत केवळ पातळ लाळ आली, तर दुसरा नमुना मागतात. कारण लाळेत जंतू सापडण्याची शक्यता कमी असते व रोग असूनही तो हुकू शकतो. ज्या लाळेची घरी एवढी धास्ती, तीच प्रयोगशाळेस अपुरी वाटते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रोग कसा पसरतो?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतरही तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याविषयी दीर्घकाळ तर्कवितर्क चालू होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. रिचर्ड रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातील हवा नळ्यांवाटे वर नेऊन गिनीपिग ठेवलेल्या कक्षात सोडली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी स्पर्श नव्हता. ताट, पाणी वा कपडाही सामाईक नव्हता. तरीही त्यांना क्षयाचा संसर्ग झाला. ज्या कक्षात हीच हवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करून सोडली, तेथील प्राणी सुरक्षित राहिले. क्षय हवेतून पसरतो, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. ते वाळून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान कण उरतात व बंद खोलीत दीर्घकाळ तरंगतात. असा कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचला, तरच रोगाची वाट मोकळी होते. ताटाला किंवा पेल्याला लागलेली लाळ पुन्हा अशी हवेत तरंगत नाही, आणि भांडी नेहमीप्रमाणे साबणाने वा राखेने घासली की काम भागते. याउलट कुडाच्या, खिडकी नसलेल्या, धुराने कोंदलेल्या घरात खोकणाऱ्या माणसाच्या सहवासात काढलेल्या रात्री खऱ्या धोक्याच्या असतात. मोकळी हवा हे कण पांगवते आणि सूर्यप्रकाश जंतूंचा नाश करतो.

भारतातील एक अनुभवही बोधप्रद आहे. १९५६ साली तत्कालीन मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने काही रुग्णांवर आरोग्यधामात आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच उपचार केले व दोन्ही गटांतील कुटुंबांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. घरी उपचार झालेल्यांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. घरच्यांना होणारा संसर्ग बहुतांशी निदानापूर्वीच झालेला असतो, हे त्यावरून दिसून आले. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारणतः दोन आठवड्यांत रुग्णापासूनचा धोका पुष्कळ घटतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात मात्र अधिक काळ लागू शकतो. म्हणजे ताट वेगळे होते ते बहुधा धोका ओसरू लागण्याच्या वेळी.

मग लाळेची भीती सर्वथा निराधार का?

तसेही नाही, परंतु प्रत्येक रोगाचा मार्ग निराळा असतो. गालगुंड लाळेतून पसरते. सर्दी, फ्लू आणि २०२० पासून आपण अनुभवलेला कोविड हे नाकातोंडातील तुषारांतून व श्वासातून पसरतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. ते चाव्यातून वा ओरखड्यातून शरीरात शिरतात. अशा वेळी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घ्यावी. येथे भीती रास्तच आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून होणारी कावीळ आणि टायफॉइड यांचा संबंध मात्र मुख्यतः शौचानंतर न धुतलेल्या हातांशी आहे. एचआयव्ही तर एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने वा मुका घेतल्याने लागत नाही.

वेगळ्या ताटाची किंमत

‘काळजी म्हणून केले, त्यात बिघडले काय?’ असा प्रश्न विचारला जातो. हिशेब मांडणाऱ्यास त्याचे उत्तर द्यावेच लागते. घरच्यांना वाटते की बंदोबस्त झाला. मग खोकणाऱ्या इतरांची तपासणी राहून जाते. रुग्णास अपमान वाटतो. तो रोग लपवतो, औषध घेताना कोणी पाहू नये म्हणून डोस चुकवतो आणि अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवतो. सुनेची रवानगी माहेरी होते. तान्ह्याचे दूध तुटते. वास्तविक क्षयाचे जंतू आईच्या दुधातून बाळाकडे जात नाहीत. उपचार घेणाऱ्या आईने तोंडाला मास्क वा स्वच्छ पदर बांधून बाळाला अवश्य पाजावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळास प्रतिबंधक औषध द्यावे. जेथे कुपोषणाने मुले दगावली, त्या मुलखात निष्कारण स्तनपान थांबवणे ही फार महागडी चूक होय.

भरलेले ताट

क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकास रोग होतो असे नाही. बहुतेकांचे शरीर त्याला दाबून ठेवते. उपासमारीने ही शक्ती खचते. झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या ‘राशन्स’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. एका गटात फक्त रुग्णास शिधा दिला. दुसऱ्या गटात कुटुंबातील प्रत्येक प्रौढासही दरमहा ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वे दिली. दुसऱ्या गटातील कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी, आणि संसर्गजन्य क्षयाचे सुमारे ४८ टक्क्यांनी कमी राहिले.

वेगळ्या ताटाने जे साधत नाही, ते भरलेल्या ताटाने साधते, हे या आकड्यांचे सार आहे. शासनही एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करीत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून व्यक्ती व संस्थांना रुग्णास पोषक शिधा देता येतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जाणाऱ्या आपल्या जव्हार-मोखाड्यातील कुटुंबांना या साहाय्याचे मोल किती, हे सांगावयास नको.

कुटुंबियांसाठी सूचना

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजनात घट वा बेडक्यात रक्त असल्यास तपासणी करावी. वडीलधाऱ्यांचा खोकला ‘वयाचा’ समजू नये.
२. घरात एकास क्षय आढळल्यास सर्वांनी तपासून घ्यावे. विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे.
३. रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा. बेडका झाकणाच्या डब्यात टाकून जाळावा वा पुरावा; उघड्यावर थुंकू नये.
४. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सुरुवातीचे काही दिवस रुग्णाने शक्य तो हवेशीर ओसरीत झोपावे.
५. औषधे ठरलेल्या मुदतीपर्यंत, एकही दिवस न चुकवता घ्यावीत.
६. जेवण एकत्र, एकाच भांड्यांतून करण्यास हरकत नाही.

समारोप

त्या कुटुंबातील सासऱ्यांवर उपचार सुरू झाले. परिचारिकांच्या मदतीने मूल पुन्हा आईच्या अंगावर पिऊ लागले, आणि डिस्चार्जच्या दिवशी सासूबाई सुनेच्या डब्यातून जेवल्या. लाल पट्ट्याची भांडी आपण रंग घासून सर्वसाधारण स्वयंपाकघरात घेतली आहेत. त्यांचा लाल रंग कडेला अजून थोडा दिसतो.

देणगीदारांस नम्र विनंती अशी की, क्षयविभागासाठी दान देताना ते रुग्णाच्या एकट्याच्या नव्हे, तर त्याच्या साऱ्या घराच्या शिध्यासाठी द्यावे. नातेवाइकांस विनंती एवढीच की, घरी गेल्यावर रुग्णास आपल्या पंक्तीला बसवावे. 

— प्रशासकीय अधिकारी