तूट, रिक्तता आणि नोकरी : सहायक परिचारिकांच्या रोजगाराचे अर्थशास्त्र

आरोग्यसेवेतील मनुष्यबळाविषयी दोन विधाने नेहमी ऐकू येतात. देशात परिचारिकांची कमतरता आहे, हे पहिले. आणि परिचर्येचे प्रशिक्षण घेतलेल्या अनेक तरुणींना काम मिळत नाही, हे दुसरे. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच वेळी खरी असू शकतात. हे कसे घडते, ते सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच 'एएनएम', या संवर्गाच्या आधारे प्रस्तुत लेखात पाहू.

संवर्गाची जडणघडण

कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची शिफारस केली आणि एएनएम ही प्रसूतीपुरती मर्यादित न राहता उपकेंद्रातील 'आरोग्य सेविका' बनली. मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंबनियोजन व नोंदी ही तिची मुख्य कामे होत. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उपकेंद्रांत कंत्राटी पद्धतीने दुसरी एएनएम नेमण्यास चालना मिळाली.

तीन वेगळ्या संकल्पना

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ग्रामीण आरोग्य सांख्यिकी आता 'हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध होते. तिच्या तक्त्यांत आवश्यक, मंजूर आणि कार्यरत असे तीन आकडे असतात. आवश्यक संख्येतून कार्यरत संख्या वजा केली की 'तूट' मिळते. मंजूर पदांतून कार्यरत संख्या वजा केली की 'रिक्तता' मिळते. समजा, एखाद्या भागात १०० एएनएम आवश्यक आहेत, मंजूर पदे ९० आहेत आणि ८० जणी कार्यरत आहेत. येथे तूट २० असली तरी रिक्त पदे १० आहेत. आणि शासनाने चारच पदांची जाहिरात काढली, तर उपलब्ध नोकऱ्या केवळ चार.

अर्थशास्त्राच्या भाषेत तूट ही 'गरज' आहे, तर वित्तीय तरतुदीसह जाहीर झालेले पद ही 'प्रभावी मागणी'. बेरोजगार तरुणीला काम मिळते ते प्रभावी मागणीतून, गरजेतून नव्हे.

अखिल भारतीय तूट काढताना काही राज्यांतील अधिक्य वजा केले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यामागे व्यावहारिक कारण आहे. भरती राज्यनिहाय होते, नोंदणी राज्य परिचर्या परिषदेकडे असते आणि सेविकेला गावाची भाषा यावी लागते. त्यामुळे एका राज्यातील जादा मनुष्यबळ दुसऱ्या राज्यात सहज पोहोचत नाही.

पुरवठ्याचे गणित

२० लाख ग्रामीण लोकसंख्येचा एक मैदानी जिल्हा उदाहरणादाखल घ्या. निकषाप्रमाणे तेथे ४०० उपकेंद्रे होतील. प्रत्येकी दोन पदे धरल्यास ८०० पदे. सर्व पदे भरलेली असून एक सेविका सरासरी ३० वर्षे सेवा करते असे मानल्यास, वर्षाला सुमारे २७ पदे निवृत्तीमुळे मोकळी होतील. ४० जागांची एकच प्रशिक्षण संस्था याहून अधिक उमेदवार दरवर्षी बाहेर पाठवू शकते. जिल्ह्यात अशा चार-पाच संस्था असतील, तर शुल्कासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबांची निराशा अटळ ठरते.

या बाजारपेठेत शासन हेच प्रमुख मालक असल्याने येथे एकक्रेताधिकाराची लक्षणे दिसतात. मोठी खासगी रुग्णालये प्रायः जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पात्रतेला प्राधान्य देतात. एएनएमच्या वाट्याला लहान रुग्णालयांतील अल्प वेतनाचे काम येते. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. मात्र सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून राहिली. कंत्राटी सेवेत कायम होण्याचा आपोआप हक्क मिळत नाही, हे उमादेवी प्रकरणातील २००६ च्या निकालाने स्पष्ट केले.

उपाययोजनांची दिशा

पहिला उपाय म्हणजे मंजूर पदांची नियमित व वेळापत्रकानुसार भरती. दुसरा, जिल्ह्याची संभाव्य मागणी पाहून प्रशिक्षणाच्या जागा ठरवणे. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे पात्रतावाढीची शिडी. नोंदणीकृत एएनएम जीएनएम अभ्यासक्रमास प्रवेश घेऊ शकते. उपकेंद्राच्या पातळीवर आलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी केवळ एएनएम पात्रता पुरत नाही. जीएनएम झालेल्या सेविकेला मात्र ती वाट खुली होऊ शकते. सेवेत राहून, वेतनासह असे शिक्षण घेण्याची सोय झाली तर अनुभव वाया जात नाही.

विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना 'परिचारिकांची कमतरता' एवढ्यावर थांबू नये. कमतरता गरजेच्या तुलनेत आहे, मंजूर पदांच्या तुलनेत आहे की प्रशिक्षित उमेदवारांची आहे, हे प्रथम निश्चित करावे. निदान चुकले तर उपायही चुकतो. पदे भरण्याऐवजी केवळ प्रशिक्षण संस्था वाढवल्या, तर बेरोजगार परिचारिकांची संख्या वाढेल आणि उपकेंद्राचे दार मात्र बंदच राहील.