पवित्र भूमीच्या यात्रेला जाण्यापूर्वी



पवित्र भूमीच्या यात्रेचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे आम्हांला भेटतात. काहींना वाटते, आयुष्यात एकदा यरुशलेम पाहिले नाही तर ख्रिस्ती जीवन अपुरे राहिले. दुसरे विचारतात, देव सगळीकडे आहे, मग एवढा खर्च कशाला?

हा वाद आजचा नाही. निस्साचे संत ग्रेगरी चौथ्या शतकात स्वतः यरुशलेमला जाऊन आले आणि मग त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले की जागा बदलल्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही, आणि त्या नगरातही पाप आहेच. संत जेरोम यांनीही एका पत्रात म्हटले आहे की स्वर्गाचे दार यरुशलेमहून जेवढे उघडे आहे तेवढेच ब्रिटनहूनही. गंमत अशी की, हेच जेरोम इ.स. 386 पासून अखेरपर्यंत बेथलेहेममध्ये राहिले. त्यांच्या सहकारी संत पावला यांनी तेथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. म्हणजे जागेला महत्त्व नाही असे सांगणारे संत त्या जागेला सोडून गेले नाहीत!

यातला अर्थ नाझरेथमध्ये कळतो. तेथील महामंदिरात, देवदूताने मरियामातेला संदेश दिला त्या गुहेत, वेदीवर एक लॅटिन वाक्य कोरले आहे. शब्द देही झाला, हे संत योहानाचे विधान आपण ऐकत आलो आहोत. त्या वेदीवर त्यात एकच शब्द जास्त आहे : ‘येथे’. आपला विश्वास हवेत तरंगणारा विचार नाही. देवाच्या पुत्राला गाव होते, शेजारी होते, पायांखाली माती होती. माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. म्हणूनच ख्रिस्तसभा पाणी, तेल, भाकर हाती घेते. गालील सरोवराच्या काठी उभे राहणे यात अंधश्रद्धा नाही.

परंतु यात्रा नाझरेथला संपत नाही, ती यरुशलेमला, पवित्र कबरीच्या मंदिरात जाते. कालवारी आणि कबर दोन्ही तेथे एकाच छपराखाली आहेत. पहाटे आलेल्या स्त्रियांना देवदूताने काय सांगितले ते आठवा : तो येथे नाही. एका ठिकाणी ‘येथे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘येथे नाही’. यात्रेकरूला दोन्ही ऐकावी लागतात. दुसरे ऐकले नाही तर यात्रा म्हणजे नुसते फोटो आणि जॉर्डनच्या पाण्याच्या बाटल्या.

या मंदिरात गेल्यावर काहींचे मन खट्टू होते, हे आधीच सांगून ठेवतो. तेथे सहा ख्रिस्ती समाज नांदतात : ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, फ्रान्सिस्कन म्हणजे आपले कॅथलिक, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कोणी कोठे, केव्हा प्रार्थना करायची हे 1852च्या तुर्की फर्मानाने ठरलेल्या वहिवाटीप्रमाणे चालते. दर्शनी भिंतीच्या खिडकीखालची एक शिडीसुद्धा पिढ्यानपिढ्या तेथेच आहे. दाराची किल्ली आणि दार उघडण्याचे काम दोन मुसलमान घराण्यांकडे! कबरीवरील छोटे मंदिर खिळखिळे झाले तेव्हा 1947 साली ब्रिटिशांनी त्याला लोखंडी आधार दिले. तो तात्पुरता आधार सुमारे सत्तर वर्षे तसाच राहिला, कारण दुरुस्तीवर एकमत होत नव्हते. अखेर ग्रीक, फ्रान्सिस्कन आणि आर्मेनियन एकत्र आले. ऑक्टोबर 2016 मध्ये कबरीवरील संगमरवरी फरशी उचलली गेली आणि मार्च 2017 मध्ये काम पूर्ण झाले. आमच्या मते त्या मंदिरातील भांडणे ऐकून लाज वाटली तरी ही दुरुस्तीही ऐकावी. वाडीतल्या सामाईक भिंतीवरून आपले काय चालते, हे काय आम्हांला ठाऊक नाही?

दगडांपेक्षा तेथील माणसे महत्त्वाची. बेथलेहेममधील अनेक ख्रिस्ती कुटुंबे यात्रेकरूंवर, ऑलिव्हच्या लाकडी कोरीव कामावर जगतात. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटले आणि यात्रेकरू थांबले. 2023 आणि 2024 च्या नाताळात तेथे रोषणाई झाली नाही. डिसेंबर 2025 मध्ये ख्रिस्तजन्माच्या मंदिरासमोरचे झाड पुन्हा उजळले. त्या मंदिराचे दार जेमतेम चार फूट उंच आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत जाऊन आल्यावर बाहेरच्या दुकानात घासाघीस जरा कमी करावी, ही आमची विनंती.

यात्रा कशी करावी, हे एजेरिया नावाच्या बाईकडून शिकावे. इ.स. 381 ते 384 च्या सुमारास ती दूर पश्चिमेकडून आली. तिच्या वर्णनाचे हस्तलिखित 1884 साली इटलीत अरेझ्झो येथे सापडले. तिचा नेम साधा होता : प्रत्येक ठिकाणी आधी प्रार्थना, मग त्या जागेचा शास्त्रपाठ, मग स्तोत्र. घाई नाही. एका दिवसात आठ ठिकाणे दाखवणारा कार्यक्रम असेल तर आयोजकांना तीन कमी करायला सांगा.

आणि कर्ज काढून, सोने गहाण ठेवून कोणीही जाऊ नये. ज्यांना जाता येत नव्हते त्यांच्यासाठीच तर क्रुसाची वाट गावोगावी पसरली. फ्रान्सिस्कनांनी ती सर्वत्र नेली आणि पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 साली तिची चौदा स्थाने निश्चित केली. आपल्या मंदिराच्या भिंतीवरची ती चौदा चित्रे म्हणजे गरिबाचे यरुशलेम. पोप पॉल सहावे 1964 च्या जानेवारीत पवित्र भूमीला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी त्यांना तेथे पाहिले असेल. तेथील मंदिरांसाठी व ख्रिस्ती बांधवांसाठी शुभ शुक्रवारी जगभर जे दान गोळा होते, त्याविषयी 1974 साली त्यांनीच ख्रिस्तसभेला आवाहन केले होते.

यात्रेला निघणाऱ्यांनी तत्पूर्वी शेजारच्या एका आजारी वा वृद्ध माणसाकडे जाऊन विचारावे, यरुशलेममध्ये तुमच्यासाठी काय मागू? ते कागदावर लिहून सोबत न्यावे आणि परत आल्यावर पुन्हा त्या घरी जावे.