जुन्या जीपचा पत्रा : गंज झाकू नका, कापून काढा



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना बऱ्याच सभासदांच्या गोठ्याशेजारी जुनी जीप उभी दिसते. एके काळी तिने बेण्याच्या मोळ्या आणि खताची पोती वाहिलेली असतात. आज अशा गाड्यांना शौकीन लोकांची मागणी आहे, त्यामुळे ‘एकदा नीट करून घेऊ’ असे पुष्कळांच्या मनात येते. गाडी मिस्त्रीकडे जाते, चकचकीत होऊन येते आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड धरतात. खर्च केलेला पैसा पाण्यात जातो. असे होऊ नये म्हणून पत्र्याच्या दुरुस्तीची माहिती येथे देत आहोत.

गाडीची रचना

आपल्याकडे उंच बॉनेटची जी जुनी जीप दिसते, तो विलीज कंपनीचा सीजे-३बी हा नमुना. अमेरिकेत तो १९५३ ते १९६८ या काळात निघाला. महिंद्र कंपनीने परवान्याखाली तो आपल्या देशात त्यानंतरही बरीच वर्षे बनवला. हरिकेन इंजिन उंच असल्याने बॉनेट उंच करावे लागले. खाली स्वतंत्र चॅसी आणि वर पत्र्याची बॉडी, अशी ही रचना आहे. पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तो ठोकून सरळ करता येतो आणि जोडताही येतो.

गंज कुठे धरतो?

उसाचा तांबेरा पानावर लगेच दिसतो. पत्र्याचा गंज मात्र खोडकिड्यासारखा आतून पोखरतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते. पायाखालचा पत्रा, त्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या, मागच्या चाकांवरचे जोड आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड येथे माती व ओल साठते. सांडलेले खत ओल धरून ठेवते. त्यातही म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराईडमुळे गंज झपाट्याने वाढतो.

तपासणी करताना गाडीखाली जावे. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे; जिथे ते चिकटत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे. संशयाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. आत गेला, तर तो पत्रा संपलेला आहे.

पोचा काढणे

पोचा आतून एकदम जोराने ठोकू नये. जोरात ठोकलेला पत्रा ताणतो आणि मग दाबला की टकटक आतबाहेर होतो. मागे लोखंडी डॉली धरावी व पोच्याच्या कडेपासून मध्याकडे हलक्या हाताने यावे. आधी उंचवटे बसवावेत, म्हणजे खोलगट भाग बराचसा आपोआप वर येतो. डोळ्यापेक्षा तळहाताने चाचपावे. चढउतार लगेच कळतो. ताणलेला पत्रा आवळायचा असेल तर लहानसा ठिपका लाल तापवून ओल्या फडक्याने थंड करतात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

गंजलेला भाग

नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गंज काढणारे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावावे, धुऊन कोरडे करावे व ताबडतोब प्रायमर मारावा. भोक पडले असेल तर मात्र मिस्त्रीचे “पाटील, लांबी भरून देतो, कळणारबी नाही” हे ऐकू नये. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरची लांबी आणि रंग उचलून टाकतो.

चांगला, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापावा. त्याच जाडीचा तुकडा भोकात बरोबर बसेल असा बनवावा. तुकडा वर चढवून जोडल्यास दोन पत्र्यांमध्ये पाणी साठते. सीओटू वेल्डिंगचे टाके एका ओळीने न मारता लांब लांब मारावेत आणि मध्ये थंड होऊ द्यावे, म्हणजे पत्रा वाकत नाही. जोड घासून सपाट केल्यावर लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा.

आपल्या मळीचा उपयोग

बिजागऱ्या, कड्या, बॉनेटचे आकडे अशा सुट्या भागांचा गंज मळीने निघतो. एक भाग मळी व नऊ-दहा भाग पाणी करून वस्तू एक ते तीन आठवडे पूर्ण बुडवून ठेवतात आणि अधूनमधून पाहतात. चांगले लोखंड सहसा शाबूत राहते. ॲल्युमिनियम व जस्ताचे भाग मात्र खराब होतात, ते यात घालू नयेत. पिंप जनावरांपासून दूर ठेवावे. बाहेर काढताच वस्तू धुऊन, वाळवून प्रायमर मारावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, म्हणून ती रीतसर मार्गानेच घ्यावी.

जिवाची काळजी

या नमुन्यात पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. वेल्डिंगपूर्वी टाकी काढून दूर ठेवलीच पाहिजे. रिकामी टाकीही सुरक्षित नाही, कारण आतली वाफ पेट घेते. बॅटरीची तार सोडावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. पाण्याने घासावा व मुलांना दूर ठेवावे.

सभासदांना विनंती

गळीत हंगाम संपल्यापासून पावसाळ्यापर्यंतचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. कापून झाल्यावर आणि लांबी भरण्यापूर्वी स्वतः जाऊन उघडा पत्रा डोळ्यांनी पाहावा, मगच पुढचे पैसे द्यावेत. पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत ना, तेही पाहावे. रंग कोणीही पाहतो. मालकाने रंगाखालचे पाहावे.

— ऊस विकास अधिकारी