उंदरांचा शर्ट, मांजरांची साडी

प्रश्न : माझं कुर्ला पश्चिमेला फ्लेक्स आणि रेडियमचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक मॅटर देतं आणि जाता जाता म्हणतं, 'जरा फनी करा.' मी गोलमटोल फाँट घेतो, दोन-चार हसरे चेहरे टाकतो, रंग भडक करतो. बॅनर लागतो, पण हसत कोणी नाही. तेच रिक्षाच्या मागे चार शब्द कापून चिकटवले की अख्खा सिग्नल हसतो. डिझाईनमधला विनोद नेमका असतो कुठे? आणि तो शिकता येतो का?
– एक वाचक, कुर्ला (प.)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : येतो. निदान बिघडवायचा कसा नाही, एवढं तरी नक्की शिकता येतं. हसरा चेहरा हा विनोद नव्हे, विनोद झाल्याची दवंडी आहे. बॅनरनेच आधी हसून घेतलं तर बघणाऱ्याला काम काय उरलं?

विनोद कुठे असतो हे पाहायला शि. द. फडणीसांचं एक जुनं मुखपृष्ठ घेऊ. फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, जन्म 1925चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला संपादक अनंत अंतरकरांच्या अंकांसाठी ते मुखपृष्ठं करू लागले. त्यातलं एक मराठी घराघरांत पोचलं. एक तरुण आणि एक तरुणी. तरुणाच्या शर्टावर उंदरांची नक्षी, तरुणीच्या साडीवर मांजरांची. शब्द एकही नाही.

आता यात विनोद कुठे ठेवलाय बघा. चेहऱ्यावर नाही. तो ठेवलाय कापडाच्या छापावर, म्हणजे जिथे आपली नजर कधी थांबतच नाही अशा जागी. साडीवरची नक्षी कोणी वाचतं का? आधी दोन माणसं दिसतात, मग कपडे, मग एक छाप, मग दुसरा आणि मग डोक्यात लख्ख होतं की यातली शिकार कोण. 'बिचाऱ्याचं काही खरं नाही' हे चित्रात कुठेही लिहिलेलं नाही. ते तुम्ही जुळवलंत, म्हणून हसू तुमचं. हेच चित्र तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं तर त्याने मुलाला घाम फोडला असता, मांजराला उडी मारायला लावली असती आणि वर लाल अक्षरात 'सावधान!' लिहिलं असतं. मग चित्र उरलं असतं, विनोद गेला असता. याच फडणीसांनी पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली. गणिताचं पुस्तक पोरं आपणहून उघडतात हा चमत्कार त्या पिढीने पाहिला आहे.

बघणाऱ्यासाठी जागा सोडायची ही युक्ती मराठीत एकाने अगदी कात्रीने कापून दाखवली. मधुकर पाटकरांच्या 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं तुम्ही लहानपणी नक्की चोरून पाहिली असतील. पानाला चौकोनी भोक. त्यातून मागच्या पानावरचा एक तुकडा दिसतो आणि पुढच्या चित्राशी जुळून काहीतरी भलतंच दिसू लागतं. कानशिलं तापवून पान उलटावं, तर मागे काहीतरी अगदी सोज्वळ. चंद्रशेखर पत्कींनी यात हातखंडा मिळवला होता. चहाटळ म्हणून या चित्रांना नावं ठेवणारे पुष्कळ होते, आणि त्यातल्या बायकांच्या चित्रणाबद्दल आज मीही ठेवीन. पण कारागिरी म्हणून बघा : चित्रकाराने वाह्यात असं काहीच काढलेलं नसतं. वाह्यातपणा सगळा वाचकाच्या डोक्यातला. पान उलटल्यावर तो स्वतःलाच हसतो.

होर्डिंगचं म्हणाल तर अमूल टाळून चालणार नाही. 1966 साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार यूस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकातली ती मुलगी मुंबईत उभी केली. तिला नाक नाही हे किती जणांच्या लक्षात आलंय? डोळे मोठे, गाल गोबरे, नाकाचा पत्ता नाही. ज्याच्यावाचून चालतं ते काढलंच नाही. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीची दहशत होती, तेव्हा 1976 साली हीच मुलगी नर्सच्या वेषात, हातात लोण्याचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली की सक्तीचं 'स्टरिलायझेशन' तर आम्ही पहिल्यापासून करतोय. इंग्रजीत तो शब्द दुधाच्या निर्जंतुकीकरणालाही चालतो आणि नसबंदीलाही. ओळ नुसती वाचली तर डेअरीचं निवेदन, चित्र नुसतं पाहिलं तर गोड मुलगी. दोन्ही एकत्र आल्यावर सरकारला चिमटा. सेन्सॉरने पकडायचं तरी काय? पुढे 1980च्या दशकात आपल्या भरत दाभोळकरांनी या होर्डिंगांत हिंदी-इंग्रजीची खिचडी आणली आणि इंग्रजी कोट्या न कळणारा माणूसही हसू लागला. आज प्रत्येक कंपनी रोज सकाळी ताज्या बातमीवर कोटी करते. बहुतेक वेळा चित्र झाकलं तरी कोटी तशीच राहते, आणि कोटी झाकली तर चित्राला अर्थ उरत नाही. म्हणजे चित्र तिथे नुसतं बसवलेलं आहे.

ही झाकून बघायची परीक्षा तुम्ही प्रूफ काढण्याआधी स्क्रीनवरच करा. शब्दांवर हात ठेवा, मग चित्रावर ठेवा. दोन्ही वेळा विनोद तसाच राहत असेल तर दोनातलं एक फुकट गेलंय, ते काढून टाका. दोन्ही वेळा तो नाहीसा होत असेल तर काम जमलं.

आता रिक्षा. 'मोठी झाल्यावर मर्सिडीज होणार' हे तुम्हीही कापलं असेल. चिमट्याने रेडियम सोलताना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कारण दुकानात ते नुसतेच शब्द असतात. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यातून पद्मिनी मोटारी बाहेर पडायच्या, तिथे एलबीएस मार्गावर संध्याकाळी सातला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाच्या नाकासमोर ती तीनचाकी येते, धूर सोडत, बाळसं धरल्यासारखी, आणि तिला मोठं व्हायचंय. चित्र कोणीच काढलं नाही. रिक्षा हेच चित्र. वाचणाऱ्याला घाई नाही, नजर दुसरीकडे न्यायला जागा नाही, आणि मागे कदाचित मर्सिडीजही त्याच रांगेत अडकलेली आहे. हीच ओळ वाढदिवसाच्या बॅनरवर छापून पाहा, कोणी वळून बघणार नाही. म्हणून गिऱ्हाईक आलं की मॅटर विचारायच्या आधी विचारा : लागणार कुठे? बघणारा उभा असेल की चालता? किती वेळ बघेल?

शब्दही नको आणि चित्रही नको, नुसत्या अक्षरातून विनोद करायचा असेल तर कमल शेडगेंची अक्षरं बघा. 2020 साली गेलेले हे मुलुंडकर जाहिरातींत नाटकांची नावं अशी काढत की नाटक हसवणार की रडवणार हे तिकीट काढण्याआधीच कळे. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक दुकानात ठेवा.

तुमच्यासाठी एक गृहपाठ देतो. मेक्सिको शहरात 1969 साली मेट्रो सुरू झाली, तेव्हा डिझायनर लान्स वायमनने स्टेशनांना चित्रखुणा दिल्या, न वाचता येणाऱ्याला उतरता यावं म्हणून. चापुल्टेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी, तर त्या स्टेशनला नाकतोडा. कुर्ल्याचं नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांवरून पडलं असं जुने रहिवासी सांगतात. मग काढा की कुर्ल्याची खूण. 'क' नीट बघा : मधे दांडी, डावीकडे गाठ, उजवीकडे आकडा. गाठ जराशी उघडी ठेवली की ती नांगी झाली. शिवाय 'ला'वरचा रफार म्हणजे आयतीच उगारलेली दुसरी नांगी. मोह होईल, पण दोन्ही करू नका. एकच निवडा, मी रफार निवडेन. खेकड्याला डोळे काढू नका, पाय मोजून आठ लावत बसू नका. कुर्ला पूर्वेकडून पश्चिमेला जाताना स्टेशनच्या पुलावर प्रत्येक जण तिरकाच चालतो, त्यामुळे बाकीचं त्याला आपोआप कळेल.

'फनी फाँट कुठला?' हेही तुम्ही मनात विचारत असाल. 'एक टाइप' या मुंबईच्या मंडळींनी 2015 साली 'मोदक' नावाचा देवनागरी फाँट काढला. इतका लठ्ठ की अक्षरांच्या पोटातल्या पोकळीची नुसती फट उरते. मोफत मिळतो. मिठाईच्या दुकानाला, बालवाडीला झकास. पण तो दोन-तीन शब्दांपुरताच. अख्खं मॅटर त्यात टाकलंत तर वाचता यायचं नाही.

आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स, दवाखान्यातले बाण, 'पुढे खोदकाम चालू आहे' या पाट्या यांत गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी गंमत करू नका. तिथे माणसाला लगेच कळायला हवं, आणि विनोद कळायला नेहमी एक क्षण जास्त लागतो.